अमेरिकेचा इतिहास शिकवण्यासाठी मोफत साधने: कुठे शोधावीत, कशी वापरावीत

प्रश्न असा आहे: आठवी ते बारावीच्या वयाच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवायचा आहे, खर्च करायची सोय नाही, हातातले पाठ्यपुस्तक जुने आहे किंवा मुळातच नाही, तर इंटरनेटवर भरवशाचे मोफत साहित्य कुठे मिळेल? हे विचारणाऱ्यांत मुलांना घरीच शिकवणारे अमेरिकेतले मराठी पालक असतात, तसेच महाराष्ट्रात आधुनिक जगाचा इतिहास शिकवणारे शिक्षक आणि प्राध्यापकही असतात. दोघांसाठी उत्तर बहुतांशी एकच आहे.

साहित्य अतोनात आहे, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. शोधयंत्रात ‘अमेरिकन रेव्होल्यूशन वर्कशीट फ्री’ असे टाकले की रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, रंगीत चित्रे अशा पानांचा ढीग समोर येतो. त्यावर उतारा कुठून घेतला ते लिहिलेले नसते, कुणी तयार केले ते कळत नाही, आणि पहिले पान फुकट देऊन उरलेली विकायची असतात. म्हणून शोध दुसऱ्या टोकाने सुरू करावा. आधी त्या तासिकेचा एक प्रश्न ठरवा. मग त्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला कागद, फोटो किंवा नकाशा मुळात कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहे ते बघा. त्या कागदावर कुणी चांगले पाठ टाचण तयार केले आहे का, हे सगळ्यात शेवटी शोधा. या क्रमाने गेलात तर पाच-सहा संस्थांच्या पलीकडे जावेच लागत नाही.

कण्यासाठी पुस्तक

सुटे दस्तऐवज कितीही चांगले असले तरी मुलांना कालक्रम हवा. त्यासाठी दोन पूर्ण पुस्तके मोफत आहेत. एक, राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे ‘यू. एस. हिस्टरी’: ३२ प्रकरणे, सरळ भाषा, प्रकरणाअखेर प्रश्न आणि महत्त्वाच्या संज्ञा. दुसरे ‘द अमेरिकन यॉप’: अनेक इतिहासकारांनी मिळून लिहिलेले, ३० प्रकरणांचे. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते छापले, पण ऑनलाइन प्रत मोफतच राहिली. दोन्ही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या पातळीची आहेत. आठवी-नववीच्या मुलाच्या हातात अख्खे प्रकरण देऊ नये; तुम्ही वाचा आणि त्यातले एक-दोन उपविभाग त्याला द्या. मला यॉप जास्त उपयोगी वाटते, कारण प्रत्येक प्रकरणाला मूळ साधनांचा एक छोटा संच जोडलेला आहे आणि सामान्य माणसांचे आवाज त्यात भरपूर आहेत. उजळणीसाठी मात्र ओपनस्टॅक्सची मांडणी सोयीची.

‘मोफत’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या परवानग्या असतात: फुकट वाचता येणे, फुकट प्रती काढून वाटता येणे, आणि बदल करून किंवा अनुवाद करून वाटता येणे. अमेरिकन यॉप ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे तो तिन्ही गोष्टींना मोकळीक देतो. अट एवढीच की मूळ लेखनाचे श्रेय द्यावे आणि तुमची अनुवादित प्रतही त्याच परवान्याने इतरांसाठी खुली ठेवावी. म्हणजे अमेरिकन यादवी युद्धावरच्या प्रकरणाचे मराठी रूपांतर करून ते कायदेशीरपणे वर्गात वाटता येते. हे काम फार कमी जणांनी हाती घेतले आहे आणि ते व्हायला हवे. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकांचे परवाने पुस्तकागणिक वेगळे असू शकतात, तेव्हा अनुवाद सुरू करण्यापूर्वी पुस्तकाच्या सुरुवातीची परवान्याची ओळ वाचा.

तयार पाठ: कुठले घ्यावेत

एकच संकेतस्थळ निवडायचे असेल तर डिजिटल इन्क्वायरी ग्रुप. पूर्वी हेच काम स्टॅनफर्ड हिस्टरी एज्युकेशन ग्रुप या नावाने चालायचे, म्हणून जुन्या लेखांत ते नाव सापडेल. त्यांच्या ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’ या मालिकेतला प्रत्येक पाठ एका प्रश्नाभोवती बांधलेला असतो. सोबत दोन ते पाच छोटे दस्तऐवज, पार्श्वभूमी आणि मुलांनी भरायचा तक्ता. मोफत नोंदणी केली की फाइली उतरवून घेता येतात. बऱ्याच पाठांत दस्तऐवजाची भाषा सोपी केलेली असते आणि मूळ मजकूरही वेगळा दिलेला असतो. दोन्ही उतरवा. सोपी प्रत वाचून झाल्यावर मूळातल्या चार ओळी दाखवल्या की काय गाळले आणि काय बदलले यावरच चांगली चर्चा होते.

सुरुवातीला लेक्सिंग्टनचा पाठ घ्या. प्रश्न: १९ एप्रिल १७७५ रोजी पहिली गोळी कुणी झाडली? एका बाजूला ब्रिटिश सैन्यातल्या लेफ्टनंट जॉन बार्करची रोजनिशी, दुसऱ्या बाजूला २५ एप्रिलला ३४ वसाहतवाल्यांनी शपथेवर दिलेला जबाब. बार्कर म्हणतो वसाहतवाल्यांनी आधी गोळ्या झाडल्या. जबाब देणारे म्हणतात, आम्ही पांगत होतो, पाठ फिरवलेली होती, तेव्हा आमच्यावर गोळीबार झाला. चाळीस मिनिटांच्या तासिकेत वेळेची वाटणी साधारण अशी बसते: पार्श्वभूमी सात मिनिटे, पहिला दस्तऐवज दहा, दुसरा दहा, जोडीने तक्ता भरणे पाच, लेखी उत्तर आठ. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे शिक्षक पंचवीस मिनिटे पार्श्वभूमीच सांगतात, मग दस्तऐवज घाईत उरकला जातो आणि मुले शिक्षकाचेच वाक्य उत्तर म्हणून उतरवतात. दुसरी चूक: ‘दोघेही पक्षपाती आहेत, म्हणून काहीच सांगता येत नाही’ इथे चर्चा थांबू देणे. मुलांना पुढे ढकला. रोजनिशी कुणासाठी लिहिली होती? जबाब कुणाला दाखवायचा होता? घटनेनंतर किती दिवसांनी? ३४ जणांनी एकच मजकूर शपथेवर सांगितला, याने त्याचे वजन वाढते की कमी होते? या प्रश्नांपर्यंत वर्ग पोहोचला तर पाठ साधला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘डॉक्सटीच’ दुसऱ्या क्रमांकावर. इथे अभिलेखागारातले हजारो कागद आणि त्यावरचे तयार उपक्रम आहेत. मोफत खाते उघडून स्वतःचा उपक्रमही बांधता येतो, उदाहरणार्थ कागद कालक्रमाने लावा, दोन प्रतींची तुलना करा, नकाशावर ठेवा. अभिलेखागाराची दस्तऐवज-विश्लेषणाची पाने जरूर छापून ठेवा. लेखी कागद, फोटो, व्यंगचित्र, नकाशा, भित्तिपत्रक, ध्वनिमुद्रण अशा प्रत्येक प्रकारासाठी वेगळे पान आहे आणि लहान वर्गांसाठी सोपी आवृत्तीही. गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूटचे निबंध आणि कागदपत्रे दर्जेदार आहेत. बराचसा भाग शाळेच्या शिक्षकांना नोंदणी करून विनामूल्य मिळतो. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजच्या ‘एडसाइटमेंट’वरचे पाठ लांबलचक असतात, त्यातला एखादा उपक्रम उचलावा, अख्खा पाठ सहसा वेळेत बसत नाही.

काही संस्था उघड भूमिका घेऊन साहित्य देतात. झिन एज्युकेशन प्रोजेक्ट डावीकडून, कामगार, कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि मूलनिवासी यांच्या बाजूने इतिहास मांडतो. बिल ऑफ राइट्स इन्स्टिट्यूट राज्यघटना, व्यक्तिस्वातंत्र्य आणि संस्थापक पिढीचे विचार मध्यभागी ठेवते. दोघांचेही साहित्य नीट तयार केलेले आहे. एकाचेच वापरले तर मुलांना एकच चौकट मिळते. म्हणून वरच्या वर्गात एकाच घटनेवरचे दोघांचे पाठ शेजारी ठेवून ‘कोणते कागद एकाने घेतले आणि दुसऱ्याने सोडले’ असे विचारावे. आठवीच्या मुलांसाठी मात्र हा खेळ लवकर होतो.

मूळ कागद शोधण्याची रीत

लायब्ररी ऑफ काँग्रेस हा सगळ्यात मोठा खजिना, आणि नवखा माणूस हरवतो तोही इथेच. मुख्य शोधपेटीत ‘स्लेव्हरी’ टाकाल तर निकालांचा डोंगर मिळेल आणि त्यातला बराचसा वर्गात निरुपयोगी असेल. आधी शिक्षकांच्या विभागात जा. तिथे ‘प्रायमरी सोर्स सेट’ आहेत: एकेका विषयावर निवडक कागद, शिक्षकासाठी टिपणासह. विश्लेषणाचे पानही तिथेच मिळते. त्यात तीन रकाने असतात: काय दिसते, त्यावरून काय वाटते, काय विचारावेसे वाटते. मुले पहिला रकाना टाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. फोटो समोर असेल तर पहिली तीन मिनिटे फक्त ‘दिसते ते’ लिहायला लावा. ‘ती दुःखी आहे’ हे दिसणे नव्हे, ‘तिचा हात गालावर आहे’ हे दिसणे.

त्यासाठी डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो उत्तम. सरकारी प्रकल्पासाठी काढलेला असल्याने त्यावर हक्कांचे बंधन नाही, आणि लायब्ररीत त्याच भेटीतल्या इतर चौकटीही आहेत. प्रसिद्ध चौकटीत उजवीकडे खाली एक अंगठा दिसत होता, तो पुढे पुसण्यात आला. दोन्ही रूपे मिळतात. मुलांना आधी प्रसिद्ध फोटो द्या, मग बाकीच्या चौकटी. छायाचित्रकार जवळ जवळ कशी गेली, तंबू आणि सामान चौकटीबाहेर का गेले, हे त्यांचे त्यांनाच दिसू लागते.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी लायब्ररीचाच ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह. अठराव्या शतकापासून १९६३ पर्यंतची पाने आहेत, देशभरच्या लहान गावांतल्या पत्रांसह. न्यूयॉर्क टाइम्स तिथे शोधू नका, तो मिळणार नाही. न्यूयॉर्क ट्रिब्यून किंवा वॉशिंग्टनचा इव्हनिंग स्टार भरपूर मिळेल. शोध फसण्याची दोन कारणे असतात. पहिले, आपण आजचे शब्द टाकतो. १९१६ च्या पत्रात ‘पहिले महायुद्ध’ असणार कसे? तिथे ‘युरोपियन वॉर’ किंवा ‘ग्रेट वॉर’ शोधावे लागते. १९१८ च्या साथीसाठी ‘स्पॅनिश इन्फ्लुएंझा’ आणि ‘ग्रिप’ दोन्ही. कृष्णवर्णीयांसाठी त्या काळचे ‘निग्रो’, ‘कलर्ड’ हे शब्द टाकावे लागतात. भारतीय माणूस कोणत्याही धर्माचा असो, अमेरिकन पत्रांत तो ‘हिंदू’ किंवा ‘हिंडू’ असे. हे शब्द मुलांसमोर आणण्यापूर्वी ते तेव्हा का वापरले जात आणि आज का टाळतो, याला दोन मिनिटे द्या. दुसरे कारण यांत्रिक आहे. पानाचे चित्र यंत्राने वाचून मजकूर तयार केलेला असतो, त्यामुळे अस्पष्ट छपाई, ओळीअखेर तुटलेले शब्द आणि जुन्या छपाईतला ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’ चुकीचा वाचला जातो. एक शब्द सापडत नसेल तर त्याच बातमीत येईल असा दुसरा शब्द, म्हणजे गावाचे नाव किंवा आडनाव, टाका आणि राज्य व तारखांची मर्यादा घाला. दोन-तीन आठवड्यांच्या मर्यादेत पाने डोळ्यांनी चाळणे पुष्कळदा जास्त लवकर होते.

संस्थापक पिढीसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘फाउंडर्स ऑनलाइन’ आहे: वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफर्सन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांची पत्रे व कागद, संपादकीय टिपांसह, शब्दशोधासकट. याचा आणखी एक उपयोग म्हणजे खोटी अवतरणे पकडणे. जेफर्सनच्या नावावर समाजमाध्यमांत फिरणारी कितीतरी वाक्ये त्याची नाहीत. वाक्यातला वेगळा वाटणारा शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सापडला नाही तर मोंटिचेलोच्या, म्हणजे जेफर्सनच्या जतन केलेल्या घराच्या, संकेतस्थळावर जेफर्सनच्या नावे खपवलेल्या वाक्यांची जी यादी आहे ती पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेले अवतरणही या चाळणीतून गेल्याशिवाय फळ्यावर लिहू नये.

एक घटक पूर्ण बांधून दाखवतो

विषय: नागरिकत्व. प्रश्न: १९२३ मध्ये अमेरिकेचा नागरिक कोण होऊ शकत होता, आणि ते कुणी ठरवले? हा अमेरिकन इतिहासाच्या गाभ्यातला प्रश्न आहे आणि भारतीय मुलांना तो थेट भिडतो.

पहिला कागद १७९० चा नागरिकत्व कायदा. त्यात परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होण्याची मुभा होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसवर संसदेच्या जुन्या कायद्यांच्या खंडांची चित्रे आहेत. हा कायदा पहिल्या खंडात पान १०३ वर सुरू होतो. पहिल्या कलमातली आठ-दहा ओळी पुरेत. १८७० च्या कायद्याने आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही वाट मोकळी झाली, हे तोंडी सांगा.

दुसरा आणि तिसरा कागद जोडीने द्यायचे. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांना नकार दिला: ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि ते कॉकेशियन नाहीत. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, पंजाबात जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंड त्याच न्यायालयासमोर होते. तेव्हाच्या वंशशास्त्राप्रमाणे आपण कॉकेशियन ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालय म्हणाले, शास्त्राची व्याख्या बाजूला ठेवा, सामान्य माणसाला ‘गोरा’ म्हणजे जे समजते तेच ग्राह्य. दोन्ही निकाल एकमताचे, दोन्ही न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलेले. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले स्थलांतरित होते. हे मुलांना शेवटी सांगा, आधी सांगितले तर सगळी चर्चा त्या एका माणसाच्या स्वभावावर घसरते. निकालांची अधिकृत पाने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यू. एस. रिपोर्ट्स संग्रहात आहेत: ओझावा खंड २६० पान १७८, थिंड खंड २६१ पान २०४. प्रत्येकातला दीडशे शब्दांचा उतारा काढा. काही गाळले असेल तिथे तीन टिंबे द्या, आणि वाक्याचा अर्थ उलटेल असे गाळू नका. मुलांना ‘कॉकेशियन’ आणि ‘सामान्य माणूस’ हे दोन शब्द दोन्ही उताऱ्यांत अधोरेखित करायला सांगितले की विसंगती त्यांचीच त्यांना सापडते.

चौथ्यासाठी वर्तमानपत्र. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. क्रॉनिकलिंग अमेरिकात सप्टेंबर १९०७ ची मर्यादा घालून ‘बेलिंगहॅम’ आणि ‘हिंदू’ शोधा. दोन वेगवेगळ्या गावांतल्या पत्रांनी एकच घटना कोणत्या शब्दांत छापली, याची तुलना करता येते.

याच विषयावर फिलाडेल्फियातल्या ‘साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह’चा, म्हणजे ‘साडा’चा, संग्रह मोलाचा आहे: २००८ पासून दक्षिण आशियाई स्थलांतरितांचे घरगुती फोटो, पत्रे, पत्रके त्यांनी जमवून सर्वांसाठी खुली केली आहेत. थिंड निकालानंतर ज्यांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले त्यांपैकी वैष्णोदास बगाई यांच्या कुटुंबाचे कागद तिथे आहेत. बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली, त्यामुळे त्यांचे अखेरचे पत्र दहावीच्या खाली वापरू नका आणि वर वापरताना मुलांना आधी कल्पना द्या. घटक तिथेच थांबवू नये. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची पद्धत गेली. आज अमेरिकेत असलेली बहुसंख्य मराठी कुटुंबे त्या १९६५ च्या कायद्यानंतरची आहेत. तिथे राहणाऱ्या मुलांना आजी-आजोबांच्या किंवा आई-बाबांच्या येण्याची तारीख या कालरेषेवर मांडायला सांगा. एकूण तीन तासिका लागतील. दोनमध्ये कोंबायचे असेल तर वर्तमानपत्र गाळा, निकालांची जोडी गाळू नका.

आकडे, नकाशे, आवाज

‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या माहितीसाठ्यात अटलांटिकपार गुलामांना नेणाऱ्या ३६,००० हून अधिक जहाजफेऱ्यांची नोंद आहे. मुलांना आधी अंदाज विचारा: आफ्रिकेतून नेलेल्यांपैकी किती जण थेट आजच्या अमेरिकेच्या भूमीवर उतरवले गेले? बहुतेक जण निम्मे म्हणतात. अंदाजे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली, सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, आणि त्यातली उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे ३.९ लाख, बाकीची प्रामुख्याने ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. मग १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम होते ते कसे, हा पुढचा प्रश्न आपोआप निघतो, आणि गुलामाचे मूलही मालकाची मालमत्ता ठरवणारा कायदा समजावून सांगण्याची तीच योग्य जागा.

रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वालिटी’वर १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांतल्या वस्त्यांना कर्जाच्या जोखमीप्रमाणे हिरवा, निळा, पिवळा, लाल रंग दिलेले नकाशे आहेत, शेरे लिहिलेल्या कागदांसकट. अमेरिकेत राहणाऱ्यांनी स्वतःचे शहर शोधावे. नकाशापेक्षा शेऱ्यांचे कागद जास्त बोलतात. सर्वोच्च न्यायालयातले १९५५ पासूनचे युक्तिवाद ‘ओयेझ’वर ऐकता येतात, राष्ट्राध्यक्षांची भाषणे आणि गुप्त ध्वनिफिती व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरवर, आणि १९५२ पासूनच्या निवडणूक जाहिराती ‘द लिव्हिंग रूम कँडिडेट’वर. पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीचे बरेच व्हिडिओ अमेरिकेबाहेर उघडत नाहीत, तेव्हा भारतातल्या शिक्षकांनी आदल्या दिवशी उघडून खात्री करावी.

मूलनिवासींचा इतिहास पाठ्यपुस्तकांत १८९० च्या आसपास संपून जातो. स्मिथसोनियनच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयाचे ‘नेटिव्ह नॉलेज ३६०’ हे साहित्य त्या त्या जमातींच्या सहभागाने केलेले आहे आणि आजवर येते. राष्ट्रीय अभिलेखागारातले ३७४ मंजूर करार चित्ररूपात खुले आहेत. ‘ट्रीटीज एक्सप्लोरर’वर जागा किंवा जमात निवडून ते शोधता येतात.

तयार दस्तऐवज-संच हवे असतील तर परीक्षांकडे वळा. या वाटेकडे फारसे कुणी बघत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमाच्या, अमेरिकन इतिहास परीक्षेत सात दस्तऐवजांवर आधारित एक निबंध असतो. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरे मोफत देते. न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षेचे जुने पेपर त्याहून सोपे आणि नववी-दहावीला चालणारे. सातच्या सात दस्तऐवज एका तासिकेत देऊ नका. तीन निवडा, त्यातला एक बाकीच्या दोघांना छेद देणारा असावा.

जिथे पाय घसरतो

१९३६ ते १९३८ मध्ये सरकारी लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या. त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत आणि अनेक पाठांत सर्रास वापरल्या जातात. पण बोलणारे गुलामीच्या काळात बहुधा लहान मुले होती, मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, आणि मंदीच्या दिवसांत काहींना वाटे की समोरचा सरकारी माणूस मदत मिळवून देईल. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून वाचले तर मुलांचा समज भलतीकडे जातो. शिवाय बोलीचे स्पेलिंग मुलाखतकाराने ठरवलेले आहे. ते वर्गात मोठ्याने नक्कल करून वाचायला लावू नये.

हक्कांबाबत: अमेरिकेच्या संघीय सरकारने स्वतः तयार केलेले साहित्य तिथे हक्कमुक्त असते, आणि प्रकाशित साहित्य साधारणपणे ९५ वर्षांनी, त्या वर्षाच्या अखेरीस, मुक्त होते. पण एखादा कागद सरकारी संग्रहात आहे म्हणून तो मुक्त आहे असे नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणाचे हक्क त्यांच्या वारसांकडे आहेत. वर्गात छोटा उतारा वाचणे वेगळे, अख्खे भाषण अनुवादून संकेतस्थळावर टाकणे वेगळे. प्रत्येक वस्तूच्या पानावर हक्कांची ओळ असते, ती वाचण्याची सवय लावा.

दुवे मरतात, आणि कधी पान राहते पण मजकूर बदलतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’वरच्या, म्हणजे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्यावरच्या, पानात असाच बदल झाला आणि टीकेनंतर जुना मजकूर परत आणला गेला. त्यामुळे वापरायचा कागद त्याच दिवशी उतरवून घ्या. फाइलच्या नावात संस्था, वर्ष आणि कागदाचा क्रमांक लिहा. पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. संस्थेने दिलेला कायमचा दुवा असेल तर शोधपेटीतून आलेल्या लांबलचक पत्त्याऐवजी तोच टिपून ठेवा.

महाराष्ट्रात शिकवणाऱ्यांनी मूळ इंग्रजी उतारा आणि मराठी सारांश एकाच पानावर डावी-उजवीकडे छापावा, कठीण शब्दांचे अर्थ खाली, दहाच्या आत. फक्त मराठी दिले तर मुलांना कागदाचा आवाज ऐकू येत नाही, फक्त इंग्रजी दिले तर अर्धा वर्ग पहिल्या वाक्यातच गळतो. इथल्या मुलांना आत शिरायला जवळचे दरवाजेही आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ गुलामीच्या नाशासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या पाठात वाचता येते, कारण ते शब्द लिहिले जात असतानाच दक्षिणेत मुक्त झालेल्यांचे हक्क हिरावण्याची सुरुवात झाली होती. आनंदीबाई जोशींचा १८८५ मधला फिलाडेल्फियातला फोटो, जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसोबतचा, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पाठाला तो चांगली सुरुवात देतो. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र, त्यांच्या उत्तरासह, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट इथल्या ड्यू बॉइस संग्रहात चित्ररूपात खुले आहे. दोन्ही पत्रे छोटी, एका तासिकेत पुरी होतात. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत आंबेडकर मागतात. ती कशासाठी हवी होती, हे मुलांनी पत्रातूनच शोधावे.